वही आधी की मोबाइल आधी?

पत्र

मी हडपसर भागातल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात 58 मुलं. दिवाळीनंतर वह्या तपासताना लक्षात आलं, की निम्म्या वर्गाची उत्तरं एकाएकी फार गुळगुळीत झाली आहेत. 'शास्त्रीय कारणे लिहा'ला पाच-पाच ओळी आणि शेवटी 'थोडक्यात सांगायचे झाल्यास' असा समारोप. विचारलं की माना खाली. चॅटबॉटवरून उतरवलंय हे उघड आहे, पण सिद्ध कसं करू? इकडे मुख्याध्यापक म्हणतात, सराव प्रश्नपत्रिका तुम्हीच त्यावर काढा, वेळ वाचेल. पुढच्या पालक सभेत आईवडील विचारणार, पोराला हे वापरू द्यायचं की नाही. मुलांना बंदी आणि आपल्याला मोकळीक, हे मनाला पटत नाही. काय करावं?
एक विज्ञान शिक्षिका

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

आधी एक सांगतो: सिद्ध करण्याच्या नादी लागू नका. 'हा मजकूर एआयने लिहिलाय का' हे सांगणारी साधनं नेटवर ढिगाने मिळतात, पण त्यांच्या भरवशावर एकाही मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी 2023 मध्ये असं एक साधन आणलं होतं. त्यांच्या स्वतःच्या चाचणीत एआयने लिहिलेल्यापैकी 26 टक्केच मजकूर त्याला ओळखता आला, आणि माणसांनी लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर त्याने खोटा आळ घेतला. त्याच वर्षी जुलैत त्यांनी ते गुंडाळलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनीही 2023 मध्ये अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले निबंध त्यांना घातले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. शब्द किती अपेक्षित क्रमाने येतात, यावर ही साधनं अंदाज बांधतात. त्यामुळे मोजक्या शब्दांत साधी वाक्यं लिहिणारा माणूस त्यांना यंत्र वाटतो. तुमच्या वर्गात तर गृहपाठ वहीत, हाताने लिहिलेला. तिथे हे साधन लावणार तरी कशाला?

उतरवणं नवीन नाही. गाइडवरून उतरवणाऱ्या पोरांवर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची कितीतरी दुकानं चालली. फरक इतकाच, की गाइडचं उत्तर तुम्हाला पाठ असायचं म्हणून चोरी लगेच दिसायची, आणि ते उत्तर छापण्याआधी कुणीतरी वाचलेलं असायचं. चॅटबॉट प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो आणि ते कुणीच वाचलेलं नसतं. तो पुस्तक उघडून बघतोच असं नाही. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येणं संभवनीय आहे, ते बघत तो वाक्य रचत जातो. म्हणून चूकही तो तितक्याच आत्मविश्वासाने करतो. मराठी मजकूर नेटवर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा, त्यामुळे मराठीत विचारलं की घसरण्याची शक्यता वाढते. तुमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना सांगा, एखाद्या अपरिचित संताचा अभंग त्याला मागून बघा. चार चरण, यमक, शेवटी संताची नाममुद्रा, सगळं जिथल्या तिथे मिळेल. फक्त तो अभंग त्या संताने लिहिलेला असेलच असं नाही.

तरीही आम्ही बंदी सुचवत नाही. 58 जणांच्या वर्गात हात वर करून 'बाई, वजन आणि वस्तुमान एकच ना?' असं विचारायची बरीच मुलं लाजतात. रात्री साडेनऊला तोच प्रश्न ती या यंत्राला पाचदा विचारू शकतात, हसायला कुणी नसतं. तुमच्या भागात घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी आणि मराठी शाळेत शिकणारी मुलं असतीलच. त्यांना धड्यातला एखादा परिच्छेद घरच्या भाषेत समजून घेता येतो. हा फायदा खरा आहे आणि घरी शिकवायला कुणी नसलेल्या मुलाला तो सगळ्यात जास्त आहे.

नुकसान कुठे होतं, ते तुर्कस्तानातल्या एका प्रयोगाने चांगलं दाखवलं. माध्यमिक शाळेतल्या जवळजवळ हजार मुलांना गणिताच्या सरावाला बसवलं. काहींना साधा चॅटबॉट दिला, काहींना काहीच नाही. चॅटबॉटवाल्यांनी सरावात काहीच न मिळालेल्यांपेक्षा 48 टक्के चांगली कामगिरी केली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर हीच मुलं चॅटबॉट कधीच न मिळालेल्यांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. आपण मागे पडलोय याची त्यांना जाणीवही नव्हती. तिसऱ्या गटाच्या चॅटबॉटला शिक्षकांनी आधीच पढवून ठेवलं होतं: उत्तर द्यायचं नाही, फक्त दिशा दाखवायची, आणि मुलं नेहमी अमुक ठिकाणी चुकतात. त्या मुलांची सरावातली कामगिरी 127 टक्क्यांनी सुधारली, आणि परीक्षेत ती मागे पडली नाहीत. यंत्राची जात तीच होती, फरक उत्तर हातात पडण्याचा होता. तुमच्या वर्गासाठी नियम एकच करा: आधी वही, मग मोबाइल. वहीत स्वतःचा प्रयत्न उमटल्याशिवाय चॅटबॉट उघडायचा नाही.

आता हे प्रत्यक्ष कसं करायचं ते दहावीच्या गुरुत्वाकर्षणातल्या एका गणितावर पाहू. चेंडू 20 मी/से वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती उंच जाईल? मूल लिहितं: अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + 2 × त्वरण × अंतर. चेंडू वर जातोय आणि गुरुत्व त्वरण खाली आहे, म्हणून त्वरण उणे घ्यायला हवं. मूल ते धन घेतं: 0 = 400 + 19.6 × अंतर. उत्तर येतं उणे 20.4. उंची उणे कशी, असं क्षणभर वाटतं, मग उणे चिन्ह गुपचूप गायब होतं आणि खाली 20.4 मीटर असं चौकटीत लिहून मोकळं. उत्तर बरोबर, समज चुकीची. या मुलाने चॅटबॉटला 'उंची 20.4 मीटर बरोबर आहे का?' असं विचारलं तर तो 'अगदी बरोबर!' म्हणून शाबासकी देईल आणि चूक कायमची पक्की होईल. पूर्ण गणितच विचारलं तर सगळ्या पायऱ्या सुबक मांडून मिळतील. मूल त्या उतरवील आणि आपली चूक कुठे होती हे त्याला कधीच कळणार नाही.

म्हणून मुलांना विचारायची पद्धत शिकवा. हा मजकूर फळ्यावर लिहून द्या आणि वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायला सांगा: 'मी दहावीत आहे. खाली गणित आणि मी लिहिलेल्या सगळ्या पायऱ्या आहेत. गुरुत्व त्वरण 9.8 घे. उत्तर सांगू नकोस, दुरुस्त करूनही देऊ नकोस. कोणत्या ओळीत चूक आहे तेवढं सांग आणि मला एकच प्रश्न विचार, म्हणजे चूक माझी मला सापडेल.' 9.8 हा आकडा मुद्दाम घातला आहे. तो न सांगितल्यास कधी 10 धरलं जातं, कधी 9.81, आणि 20, 20.4, 20.39 यांत मूल गोंधळून जातं. चॅटजीपीटीत 'स्टडी मोड' आणि गूगलच्या जेमिनीत 'गाइडेड लर्निंग' अशा सोयी 2025 मध्ये आल्या, त्याही थेट उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारत नेतात. पण बोटाच्या एका टिचकीने त्या बंद होतात, हे मुलांना तुमच्याआधी ठाऊक असतं. भिस्त त्या सोयीवर ठेवू नका, वहीवर ठेवा.

वहीत एका गणिताला तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. निळ्या शाईत स्वतःचा प्रयत्न, चुकीचा असला तरी न खोडलेला. त्याखाली हिरव्या पेनाने एक ओळ: कुठे अडलो, चॅटबॉटने काय विचारलं. मग पुन्हा निळ्यात दुरुस्ती. ज्याच्या घरी मोबाइल नाही, तो हिरव्या ओळीत 'ताईला विचारलं' किंवा 'धड्यातलं उदाहरण पाहिलं' असं लिहील, त्याचे गुण तेवढेच. बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर एमआयडीसीतून रात्रीच परत येतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. चॅटबॉट लागणारच असा गृहपाठ कधीही देऊ नका.

एवढं सगळं पाच प्रश्नांना कुणी करणार नाही. गृहपाठ दोन प्रश्नांवर आणा आणि वाचलेला वेळ तोंडी विचारण्यात घाला. तासिकेची पहिली दहा मिनिटं, चिठ्ठ्या टाकून पाच मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं. बारा तासिकांत पूर्ण वर्ग होतो. प्रश्न वहीतल्याच ओळीवर: 'इथे उणे का घेतलंस?' 'चेंडूऐवजी तेवढ्याच वेगाने दगड फेकला तर उंची बदलेल का?' 'वेग दुप्पट केला तर उंची किती पट?' ज्याने समजून घेतलंय तो अडखळत का होईना, चौपट म्हणेल. ज्याने नुसतं उतरवलंय तो दुप्पट म्हणेल किंवा गप्प बसेल. पाच गुणांपैकी तीन प्रयत्नाला, दोन तोंडीला. उत्तर गाइडमधून आलं, चॅटबॉटमधून आलं की मोठ्या भावाकडून, याची चौकशी मग करावीच लागत नाही.

'शास्त्रीय कारणे' मात्र घरी देणं आता सोडून द्या. ती वर्गात, कोऱ्या कागदावर, दहा मिनिटांत लिहून घ्या. घरी द्यायचं ते असं द्या, की ज्याचं उत्तर घरातच आहे. पाच उपकरणांच्या पाटीवरचे वॅट टिपा, रोज किती तास चालतात ते लिहा, महिन्याचे युनिट काढा आणि महावितरणच्या बिलाशी ताडून पाहा. एक हजार वॅट एक तास म्हणजे एक युनिट. हिशोब बिलाशी जुळणार नाहीच, आणि का जुळला नाही यावर लिहिलेल्या चार ओळी खऱ्या. फ्रिज चोवीस तास लावलेला असला तरी त्याचा कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो, हे बहुतेकांना इथेच पहिल्यांदा कळतं.

आता प्रश्नपत्रिकांकडे वळू. मुख्याध्यापकांचं म्हणणं अर्धं खरं आहे: वेळ वाचतो, पण पहिल्या दोन-तीन पत्रिकांना नाही. 'दहावी विज्ञानाची प्रश्नपत्रिका दे' एवढंच म्हटलंत तर राज्य मंडळ, सीबीएसई आणि हिंदी माध्यम यांची खिचडी मिळेल. कधी 'चाल' आणि 'वेग' यांची अदलाबदल, कधी आपल्या अभ्यासक्रमात नसलेला घटक. त्याला धडाच द्यावा लागतो. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मोफत आहेत. त्यातला एकच धडा वेगळा काढून द्या. पूर्ण पुस्तक टाकलं की तो मधलीच पानं गाळू शकतो. एक जुनी ठेच इथे लागते: मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की बऱ्याचदा अक्षरांचा भुगा होतो. शाळेच्या कॉम्प्युटरवरच्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या पत्रिकांचंही तेच, कारण ते फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारखेच कळणारे, नाहीत. अशा वेळी पानाचा स्वच्छ फोटो द्या आणि आधी विचारा, 'या पानावरचं दुसरं उपशीर्षक काय आहे?' ते बरोबर आलं तरच पुढे जा.

मग नेमकं मागा: कोणता धडा, कोणत्या प्रकारचे किती प्रश्न, प्रत्येकी किती गुण, एकूण 40 आणि वेळ दोन तास. हवे त्याच्या तिप्पट प्रश्न मागवा आणि दोन तृतीयांश फेकून द्या. बहुपर्यायी प्रश्नांत काय बिघडतं ते ठरलेलं आहे. दोन पर्याय बरोबर निघतात. बरोबर पर्याय सगळ्यात लांब असतो, त्यामुळे न वाचताही ओळखता येतो. उत्तरं 'ब' आणि 'क'मध्येच दाटीवाटीने येतात. चुकीचे पर्याय इतके बावळट असतात, की कुणीच फसत नाही. त्याला सांगावं लागतं, 'प्रत्येक चुकीचा पर्याय मुलांच्या एका ठरावीक गैरसमजातून यायला हवा.' गुणांची बेरीज तुम्हीच करा, ती कधी 38 होते तर कधी 43. पृष्ठक्रमांक दिला असेल तर उघडून बघा. नामनिर्देशित आकृती तर मागूच नका. बाण भलतीकडे जाऊ शकतात आणि जोडाक्षरं मोडू शकतात. शेवटी पेन घेऊन पूर्ण पत्रिका स्वतः सोडवा. हे टाळलंत तर परीक्षा हॉलमध्ये मुलंच तुम्हाला चूक दाखवतील.

उत्तरपत्रिका मात्र त्याच्याकडून तपासून घेऊ नका. मुलांचं हस्ताक्षर वाचताना तो कधी कधी जे लिहिलंय त्याऐवजी जे असायला हवं ते वाचतो, म्हणजे मुलाची चूक स्वतःच सुधारून त्यालाच गुण देतो. तीच उत्तरपत्रिका दोनदा दिली तर गुण दोन वेगळे येऊ शकतात. शिवाय उत्तरपत्रिकेवर नाव आणि हजेरी क्रमांक असतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येण्यासारखी संमती हा त्यातला मुख्य मुद्दा आहे. प्रगतिपुस्तकातला शेरा सुचवून घ्यायचा असेल तर 'विद्यार्थी क, गणितात चांगला, प्रयोगवहीत आळशी' एवढंच टाइप करा. सेटिंगमध्ये 'डेटा कंट्रोल्स' हा भाग असतो. तुमचं संभाषण मॉडेल सुधारायला वापरण्याची परवानगी तिथे बंद करता येते.

मुलांना अटी आणि आपण मोकळं, ही तुमची टोचणी आम्हाला आवडली, पण ती मनाला लावून घेऊ नका. यंत्र चुकलं तर तुम्हाला कळतं, मुलाला अजून कळत नाही. फरक तिथे आहे. तो लपवू मात्र नका. सराव पत्रिकेच्या तळाशी लिहा: 'कच्चा मसुदा चॅटबॉटचा, तपासणी बाईंची. चूक दाखवणाऱ्यास एक गुण जास्त.' आणि एकदा वर्गातच मोबाइल प्रोजेक्टरला जोडून दाखवा. चेंडूचं गणित विचारा, बरोबर उत्तर आल्यावर टाइप करा: 'नाही, आमच्या बाई म्हणाल्या 18 मीटर.' कधी तो ठाम राहतो. कधी माफी मागून 18 कसे आले तेही रीतसर पटवून देतो. तो कसा वागतो ते आदल्या दिवशी घरी पाहून ठेवा, दोन-तीन वेगवेगळ्या गणितांवर. वाकला तर मुलांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

पालक सभेत लांबण लावू नका, चार गोष्टी पुरेत. चॅटजीपीटी 13 वर्षांखालच्या मुलांसाठी नाही आणि 18 पर्यंत पालकांची परवानगी लागते, म्हणजे तुमच्या नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाला ती लागते. वडिलांच्याच खात्यावर मूल अभ्यास करत असेल, तर वडिलांनी आजारपणाबद्दल किंवा कर्जाच्या हप्त्याबद्दल काय विचारलं होतं तेही त्याला डावीकडच्या यादीत दिसतं. मुलाचं खातं वेगळं करा. वापर बाहेरच्या खोलीत, वही उघडी ठेवून. आणि मूल अभ्यास सोडून मनातलं दुःख त्या यंत्राला सांगतंय असं दिसलं, तर रागावू नका, त्याच्याशी बोला. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416 वर मोफत आहे. एखादा बाप विचारेलच, 'आमच्या क्लासवाल्यांकडे एआय ॲप आहे, जादा फी भरू का?' त्यांना सांगा, पैसे भरण्याआधी त्या ॲपला एक गणित घाला. ते आधी उत्तर देतं की आधी 'तू काय केलंस' विचारतं, ते बघा आणि मग ठरवा.

सभेसाठी चेंडूच्या गणिताचे दोन्ही प्रकारचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा: नुसतं उत्तर मागितलं तेव्हाचा आणि फळ्यावरचा मजकूर वापरला तेव्हाचा. ऐनवेळी शाळेचं वाय-फाय चालेल या भरवशावर राहू नका.